कपाटातला श्रीखंडाचा डबा

ताई, नमस्कार.

माझे सासरे, अण्णा, मार्गशीर्षात गेले. पोटाचा कर्करोग होता, शिवाय साखर आणि बीपी जुनंच. शेवटचे आठ महिने ते घरीच होते. त्यांची औषधं दोन कापडी पिशव्यांत आणि एका मोठ्या श्रीखंडाच्या डब्यात भरून कपाटात ठेवली आहेत. मॉर्फिनच्या गोळ्या, अंगावर चिकटवायचे फेन्टानिलचे पॅच, बीपी-साखरेच्या गोळ्या, अर्धवट राहिलेलं अँटिबायोटिक, सिरप, डोळ्यांचे थेंब, दम्याचा पंप, सुया. इन्सुलिन अजून फ्रीजमध्ये आहे. तीन महिने झाले, हात लावायचं धाडस होत नव्हतं. गेल्या रविवारी नणंदेचा चार वर्षांचा मुलगा तो डबा खुळखुळ्यासारखा वाजवत बाहेर आला आणि माझ्या काळजात धस्स झालं.

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. मुलगा म्हणतो, कमोडमध्ये टाकून पाणी सोडून दे. कारखाने एवढं सोडतात, तिथं आपल्या चार गोळ्यांनी काय होणार? हे म्हणतात, भोरला गावी गेलो की पाचोळ्यात जाळून टाकू. सासूबाईंना वाटतं, एवढी महागाची औषधं, कामाला येणाऱ्या मावशींनाही बीपी आहे, त्यांना देऊन टाकावीत. न्यू जर्सीची जाऊ सांगते, तिकडे परत घेतात. आमच्या मेडिकलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "आम्ही नाही घेत." मी काय करू?

– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

ताई,

तीन महिने त्या कपाटाला हात लागला नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. मी तीस वर्षं रुग्णालयाच्या औषध खिडकीवर काढली. माणूस गेल्यावर घरच्यांना कपडे देणं जमतं, चपला देणं जमतं, औषधं मात्र जागची हलत नाहीत. प्रत्येक स्ट्रिपला एक वेळ चिकटलेली असते: सकाळची, जेवणाआधीची, रात्री दहाची. माझ्या आईच्या गोळ्यांचा डबा मी वर्षभर तसाच ठेवला होता.

पण आता तो डबा मुलाच्या हातात गेलाय. म्हणून हे वाचून झालं की उठा आणि सगळं एका कुलपाच्या कपाटात ठेवा, किल्ली तुमच्याकडे. बाकीचं आठवडाभरात निवांत करता येईल, हे आजच व्हायला हवं. साखरेवरच्या ग्लिमेपिराइड जातीच्या एखाद-दुसऱ्या गोळीनेसुद्धा लहान मुलाची साखर धोकादायक खाली जाऊ शकते, आणि ती काही तासांनी, मूल झोपलेलं असतानाही उतरू शकते. बीपीच्या अॅम्लोडिपिनचा धोकाही तसाच. लोहाच्या लाल गोळ्या तर मुलांना चॉकलेटच्या गोळ्याच वाटतात. कधी गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. स्ट्रिप हातात घ्या, १०८ला फोन करा किंवा सरळ रुग्णालय गाठा. 'अजून काही दिसत नाही' म्हणून घरी वाट बघत बसू नका. आणि तुम्ही लिहिलं नाही, पण मी प्रत्येकाला सांगते: घरात कुणी दुःखाने खचलेलं असेल, तर त्यांच्यासाठीही ही औषधं हाताशी नसलेली बरी.

आता त्या ढिगातून मॉर्फिनच्या गोळ्या आणि फेन्टानिलचे पॅच बाजूला काढा. ट्रॅमाडॉल किंवा टॅपेन्टाडॉल, म्हणजे त्याच जातीचं जोरदार वेदनाशामक, दिसलं तर तेही त्यांच्याच बरोबर. या औषधांनी अण्णांचे शेवटचे महिने सुसह्य केले असतील. एके काळी मॉर्फिनची परवानगी मिळवता मिळवता रुग्णालयं थकून जायची आणि रुग्ण कळवळत राहायचे. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. म्हणून या गोळ्यांविषयी मनात भीती किंवा किळस नको. पण ज्या शरीराला त्यांची सवय नाही, त्याचा श्वास त्या थांबवू शकतात, हेही तितकंच खरं. वापरून काढलेल्या पॅचमध्येसुद्धा बरंच औषध शिल्लक असतं. मुलांना तो स्टिकरसारखा दिसतो, मुलं तो अंगाला चिकटवतात.

अण्णांना ही औषधं जिथून मिळायची, त्या वेदनाशमन केंद्राला म्हणजे पॅलिएटिव्ह केअरच्या विभागाला फोन करा. मॉर्फिन हे मोजून आणि वहीत नोंद करून दिलं जातं, आणि अनेक केंद्रं उरलेल्या गोळ्या परत आणून द्यायला सांगतात. जाण्याआधी घरातल्या दोघांनी मिळून गोळ्या आणि पॅच मोजा, आकडा कागदावर लिहा, अण्णांची फाइल बरोबर न्या. तिथे त्या दिल्यात की तुमच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरेल. शेजारी कुणाला कर्करोग आहे म्हणून त्यांना देण्याचा मोह मात्र टाळा. मॉर्फिनचा डोस माणसागणिक ठरतो. अण्णांचा डोस दुसऱ्या कुणासाठी जीवघेणा ठरू शकतो.

केंद्र लांब असेल, फोन लागत नसेल, दोन-तीन दिवसांत जाणं होणारच नसेल, तर? तर या औषधांपुरता तुमचा मुलगा बरोबर आहे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ साली उरलेल्या औषधांच्या विल्हेवाटीबद्दल मार्गदर्शिका काढली. परत द्यायची सोय नसेल तर कमोडमध्ये सोडावीत अशा १७ औषधांची यादी तिच्यात आहे. मॉर्फिन, फेन्टानिल, ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल, डायझेपाम ही त्यातली आपल्याकडच्या घरांत सापडणारी नावं. कारण सरळ आहे: ही औषधं चुकीच्या माणसाच्या हाती पडली तर एका डोसमध्ये जीव जाऊ शकतो, आणि तो धोका पाण्याच्या धोक्यापेक्षा मोठा आणि जवळचा आहे. गोळ्या स्ट्रिपमधून काढून सोडायच्या. पॅच असेल तर चिकट बाजू आत घेऊन मधोमध दुमडायचा, बोटांना औषध लागू द्यायचं नाही, आणि मग सोडायचा. नंतर हात साध्या पाण्याने स्वच्छ धुवायचे.

बाकीच्या औषधांच्या बाबतीत मात्र मुलाला माझा निरोप द्या.

सिंहगड रस्त्यावरच्या तुमच्या कमोडमधलं पाणी कुठे जातं? शुद्धीकरण केंद्रात जाऊन, किंवा न जाता, मुठेत. मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला, आणि भीमा उजनी धरणात. उजनीचं पाणी सोलापूर पितं. तीच भीमा पंढरपूरला चंद्रभागा म्हणवते, आणि आषाढीला तिच्यात लाखो माणसं स्नान करतात, ओंजळीने तोंडात घेतात. आपली मैलापाणी केंद्रं घाण आणि जंतू कमी करण्यासाठी बांधलेली आहेत. विरघळलेली औषधं पकडणं हे त्यांचं काम नव्हतंच. काही औषधं तिथे मोडतात, काही तशीच पुढे जातात.

मुलाचं म्हणणं अगदी चूक नाही, हेही त्याला सांगा. २००७ साली हैदराबादजवळच्या पाटणचेरूमध्ये औषध कारखान्यांचं पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणारं पाणी संशोधकांनी तपासलं. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत निघालं. उपचार चालू असलेल्या माणसाच्या रक्तात असतं त्याहूनही जास्त. शिवाय आपण गिळलेल्या औषधाचा काही भाग लघवीतून रोज नदीत जातोच, तो थांबवता येत नाही. घरातून टाकलेल्या गोळ्यांचा वाटा या सगळ्यात लहान आहे. पण तेवढाच वाटा आपल्या हातात आहे, आणि तो थांबवायला एक दुपार पुरते. औषध माणसाच्या पोटातून बाहेर पडलं की संपलं, असं होत नाही, हे आपण गिधाडांच्या बाबतीत फार महाग किंमत देऊन शिकलो. गुराढोरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि पंधरा-वीस वर्षांत देशातली बहुतेक गिधाडं संपली. कारण २००४ साली उलगडलं, २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद झालं. तेच डायक्लोफेनॅक बहुधा अण्णांच्या पिशवीतही असेल, गुडघेदुखीच्या मलमात.

तुमच्या यजमानांची पाचोळ्याची कल्पना मी कळकळीने नाकारते. गोळ्यांच्या पारदर्शक स्ट्रिप बहुतेक वेळा पीव्हीसी प्लास्टिकच्या असतात. ते मंद आगीत जळलं की त्यातून हायड्रोक्लोरिक अॅसिडचा धूर आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं निघतात. रुग्णालयाच्या कचऱ्याच्या भट्टीसाठी नियमाने पहिल्या कक्षात किमान ८०० अंश आणि दुसऱ्या कक्षात सुमारे १०५० अंश सेल्सिअस तापमान लागतं, वर धूर धुणारी यंत्रणा. अंगणातल्या पाचोळ्याला यातलं काहीच जमत नाही. गोळ्या अर्धवट जळतात आणि धूर आजूबाजूच्या सगळ्यांच्या नाकात जातो. दम्याचा पंप तर आगीत टाकूच नका. आतला दाबाखालचा डबा फुटतो. रिकामा वाटला तरी त्याला भोकही पाडू नका. आणि परसात पुरायचंही नाही. भोरकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, आणि विहीर कुठे आहे तेही.

सासूबाईंचा मुद्दा मला सगळ्यात जास्त भिडला, कारण त्यामागे माया आहे. ज्या पिढीने औषधावाचून माणसं गेलेली पाहिली, तिला गोळी टाकणं म्हणजे अन्न टाकण्यासारखंच वाटतं. त्यांना समजावताना घाई करू नका. पण मावशींना गोळ्या देऊ नका. बीपीच्या गोळ्या अनेक जातींच्या असतात, कुणाला खोकला आणतात, कुणाच्या पायाला सूज आणतात, कुणाचं पोटॅशियम वाढवतात. अण्णांच्या मूत्रपिंडाकडे बघून ठरवलेलं औषध मावशींना चालेलच असं नाही. आणि ती गोळी महिनाभराने संपली की मावशी काय करणार? त्यापेक्षा एक दिवस त्यांना महापालिकेच्या दवाखान्यात घेऊन जा, त्यांच्या नावाचा केसपेपर काढून द्या. ही मदत त्यांच्या जास्त कामी येईल.

आता दान. जागतिक आरोग्य संघटनेचं औषधदानाबद्दलचं तत्त्व कडक आहे: रुग्णाला एकदा देऊन झालेलं आणि परत आलेलं औषध पुन्हा कुणाला द्यायचं नाही. कारण ते मधल्या काळात उन्हात होतं, गॅसच्या शेजारी होतं की कपाटात, हे कुणालाच सांगता येत नाही. आपल्याकडे काही धर्मादाय दवाखाने आणि संस्था न फोडलेल्या, मुदत भरपूर बाकी असलेल्या स्ट्रिप स्वीकारतात. तिथे डॉक्टर आणि औषधनिर्माता स्वतः तपासून घेत असतील, तर साध्या तापमानाला राहणाऱ्या, नाव, बॅच नंबर आणि मुदत पूर्ण दिसणाऱ्या स्ट्रिपबद्दल त्यांना जरूर विचारा. कापलेल्या स्ट्रिप, सिरप, इन्सुलिन, अँटिबायोटिक यांपैकी काहीही देऊ नका. सासूबाईंना द्यायचंच असेल, तर अण्णांचा वॉकर, पाण्याची गादी, नेब्युलायझरचं यंत्र, न फोडलेली डायपरची पाकिटं द्या. पुण्यात आणि बहुतेक तालुक्यांच्या गावी रुग्णोपयोगी साहित्य नाममात्र भाड्याने देणारी केंद्रं आहेत. तिथे या वस्तूंची खरंच वाट बघितली जाते.

तर मग त्या दुपारी काय करायचं, ते सांगते. घरात मुलं नसतील अशी वेळ निवडा. टेबलावर वर्तमानपत्र अंथरा, हातमोजे घाला, चष्मा लावा. आधी मुदत बघा. 'एक्स्पायरी मार्च' असेल तर मार्चच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते औषध चालतं, पहिल्या तारखेला बाद होत नाही. पण छापलेली तारीख बंद पाकिटाची असते. फोडलेले डोळ्यांचे थेंब साधारण महिन्याने टाकायचे, पाणी घालून तयार केलेलं अँटिबायोटिकचं सिरप बहुतेक वेळा सात दिवसांत, आणि फोडलेली इन्सुलिनची कुपी किंवा पेन साधारण २८ दिवसांत. म्हणजे तुमच्या फ्रीजमधलं चालू पेन आता बाद, तारीख काहीही सांगो.

घरातल्याच कुणाचं नेमकं तेच औषध, तीच ताकद, डॉक्टरांनी लिहून दिलेलं चालू असेल आणि स्ट्रिप अखंड असेल, तर डॉक्टरांना विचारून ती वापरता येईल. बाकी सगळं जाऊ दे. अर्धवट अँटिबायोटिक 'पुढच्या वेळी घसा धरला तर' म्हणून मागे ठेवू नका. त्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ असते, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये म्हणूनच छापलेली असते. चार गोळ्यांचा अर्धा कोर्स जंतूंना मारत नाही, त्यांना तालीम देतो.

अण्णांना कर्करोगाच्या गोळ्या, म्हणजे केमोथेरपीच्या, घरी घ्यायला दिल्या असतील तर त्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नका, फोडू नका, कुटू नका. त्या पाकिटासकट वेगळ्या पिशवीत घालून ज्या रुग्णालयाने दिल्या तिथेच परत न्या. तिथे त्यांच्यासाठी वेगळी पिवळी पिशवी असते. खरं तर कुठलीच गोळी कुटायची किंवा मिक्सरमधून काढायची नाही. भुकटी नाकात जाते, आणि त्या भांड्यात उद्या चटणी होते.

उरलेली औषधं स्ट्रिपमध्येच ठेवायची की काढायची, हा प्रश्न मला फार विचारला जातो. जिथे औषधं परत घेणारी किंवा भट्टीत पाठवणारी सोय आहे तिथे ती स्ट्रिपमध्येच, बाटलीतच द्यावीत. कमी हाताळली जातात आणि काय आहे ते कळतं. बाटल्यांची झाकणं घट्ट लावून वर चिकटपट्टी फिरवा. अण्णांचं नाव असलेली लेबलं तेवढी खोडून टाका.

पुण्यात कुठे द्यायचं? आपल्या प्रभागाच्या आरोग्य कोठीवर, म्हणजे महापालिकेच्या साफसफाई कार्यालयात, जा आणि आरोग्य निरीक्षकांना सरळ विचारा: घरगुती घातक कचरा कुठे घेता? तुम्ही उपकार मागत नाही आहात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेली औषधं आणि वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या आणि दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र उभारायला पालिकांना सांगितलं होतं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत तर घरातच चार भाग करायचे आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. औषधं या चौथ्यात. मुंबई महापालिकेने २०२५ साली नोंदणी केलेल्या सोसायट्यांमधून असा कचरा वेगळा उचलायला सुरुवात केली, त्यात मुदत संपलेली औषधंही घेतात. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने त्याच वर्षी कोळिकोडपासून 'एनप्राउड' नावाची योजना सुरू केली, तिच्यात घरातली नको असलेली औषधं गोळा करून शास्त्रीय पद्धतीने नष्ट करतात. म्हणजे हे आपल्या देशात होतं. तुमच्या जाऊबाईंच्या अमेरिकेतही २०१० पासून वर्षातून दोनदा औषधं परत घेण्याचा दिवस पाळतात, आणि इंग्लंडमध्ये कुठल्याही फार्मसीत उरलेली औषधं देता येतात. आपल्या मेडिकलवाल्यावर रागावू नका. तो कंपनीला परत पाठवतो तो त्याचा न विकलेला माल. तुमच्याकडून घेतलेल्या गोळ्या कुठे पाठवायच्या याची वाट त्याला कुणी घालूनच दिलेली नाही.

कोठीवर उत्तर मिळालं नाही, तर दुसरी वाट तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडची. दवाखाने आणि नर्सिंग होममधून जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी ठरलेल्या दिवशी पिशव्या नेते, आणि बाद औषधं पिवळ्या पिशवीतून भट्टीत जातात. तुमच्या दोन पिशव्या त्यांनी घेतल्याच पाहिजेत असं बंधन नाही, पण अण्णांवर आठ महिने उपचार करणारे डॉक्टर विनंतीला बहुधा नाही म्हणणार नाहीत. सुया तर तिथेच द्या. सुया फिनाइल किंवा कपडे धुण्याच्या द्रवाच्या जाड रिकाम्या बाटलीत टाकायच्या, टोपण परत लावायला जायचं नाही (बोटाला टोचतं ते तेव्हाच), बाटली पाऊण भरली की झाकण बंद, चिकटपट्टी, वर मोठ्या अक्षरात 'सुया'.

सुयांबद्दल मी एवढं बोलते त्याला कारण आहे. आमच्या खिडकीशी एकदा एक कचरा वेचणाऱ्या मावशी आल्या होत्या. तळहातात सुई घुसली होती, साध्या घरच्या कचऱ्यातली, साखरेच्या इंजेक्शनची. बारीकशी जखम. पण ती सुई कुणाची, त्या माणसाला काय होतं, हे कळायला काहीच मार्ग नव्हता. त्यांना काविळीची लस, एचआयव्हीच्या तपासण्या, पुन्हा तीन महिन्यांनी, पुन्हा सहा महिन्यांनी. दर वेळी दिवसाची मजुरी बुडवून त्या यायच्या आणि दर वेळी मला एकच विचारायच्या, "ताई, अजून किती दिवस भ्यायचं?" ती सुई ज्या घरातून आली, ते घर वाईट नव्हतं. त्यांनी ती कागदात गुंडाळलीसुद्धा होती.

म्हणूनच, इंटरनेटवर मिळणारा अमेरिकी सल्ला आपल्याकडे जशाच्या तसा चालत नाही. तिकडे सांगतात, गोळ्या कॉफीच्या चोथ्यात मिसळून पिशवीत बंद करून कचऱ्यात टाका. तिकडची पिशवी सहसा न उघडता गाडीतून थेट भरावात जाते. आपल्याकडे ती पिशवी कुणीतरी हाताने उघडतं. ओल्या कचऱ्यात गेली तर गोळ्या खतात जातात, उकिरड्यावर गेली तर गाय खाते, आणि स्ट्रिप अखंड असतील तर त्या उचलून पुन्हा विकल्या जाण्याची भीती असते. तरीही गावाकडे, जिथे कोठी नाही, दवाखाना घेत नाही, तिथे नाइलाजाने हीच पद्धत थोडी बदलून करावी लागते. गोळ्या स्ट्रिपमधून काढा, न कुटता जुन्या चहाच्या चोथ्यात किंवा राखेत थोडं पाणी घालून कालवा. सिरपही त्यातच जिरवा. फुटणार नाही अशा डब्यात भरून झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि वर मराठीत लिहा: 'बाद औषधं, उघडू नये'. रिकाम्या स्ट्रिप कात्रीने कापा. तो डबा ओल्यात नाही, सुक्यात नाही, सॅनिटरी कचऱ्यासारखा वेगळा द्या, आणि न्यायला येणाऱ्या माणसाच्या हातात देताना तोंडाने सांगा की यात काय आहे. लिहिलेलं प्रत्येकाला वाचता येतंच असं नाही.

हे एकट्या तुमच्या घरचं काम वाटत असेल, तर सोसायटीच्या ग्रुपवर एक निरोप टाका. ज्येष्ठ नागरिक असलेल्या बहुतेक घरात असा एक डबा असतो. तीस घरांची औषधं एकदम नेतो म्हटलं की आरोग्य निरीक्षकही वेगळ्या कानाने ऐकतात. आणि यापुढे साठा कमी व्हावा म्हणून एक करा: नवीन औषध सुरू होताना महिन्याचं न घेता आधी आठवड्याचं घ्या. बऱ्याचदा तिसऱ्या दिवशी ते सोसत नाही आणि बदलतं. स्ट्रिप कापून घेताना मुदत छापलेला तुकडा तुमच्याकडे येईल असं मेडिकलवाल्याला सांगा.

डब्यात अण्णांच्या हातचा कागद असेल, कुठली गोळी कधी घ्यायची तो. बऱ्याच घरात असतो. तो काढून ठेवा, आणि डॉक्टरांची फाइलही. घरातल्या पुढच्या पिढीला साखरेची आणि बीपीची माहिती द्यावी लागेल तेव्हा ती उपयोगी पडेल. श्रीखंडाचा डबा मात्र धुऊनही पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. सुयांची बाटली मिळेपर्यंत सुयांसाठीही तो नको, त्याचं झाकण मुलांना सहज उघडतं.

केंद्राला फोन सकाळी लवकर करा, त्या वेळी बाह्यरुग्ण विभागाची गर्दी सुरू झालेली नसते. जाताना मोजलेला आकडा आणि फाइल विसरू नका, आणि जमलं तर मुलाला बरोबर न्या.